आज नाही बुडत

परवा फोनवर धाकटीने मला तिच्या जाड पुस्तकातला नकाशा दाखवला. निळ्या पाण्यात एक बेट, त्यावर डोंगर, राजवाडा, बंदर, सगळं बारीक अक्षरांत. ती म्हणाली, "आजी, हे राज्य पुढे बुडतं. अख्खं. राजे फार गर्विष्ठ होतात ना, म्हणून."

मी विचारलं, "कोणी वाचतं का?"

"वाचतात ना थोडे. जे चांगले असतात ते. त्यांच्याकडे जहाजं असतात."

"आणि धोबीण?"

ती हसायला लागली. तिच्या मागे उभा असलेला दादाही हसला. "आजी, असल्या पुस्तकांत धोबीण नसते!"

मीही हसले आणि तुमच्याकडे थंडी किती पडलीय ते विचारलं. पण फोन ठेवल्यावर कागद-पेन घेऊन बसले. मुलांनो, मला एक बुडालेलं राज्य पहिल्या राजापासून शेवटच्या राजापर्यंत तोंडपाठ आहे, आणि हे मी तुम्हाला आजवर कधी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून. ही लाज कसली आणि कोणाकडून आली, ते आता लिहून काढते. तुमची आजी डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण ते राज्य रचणाऱ्या माणसाला मी कुठल्याच डब्यात नीट बसवू शकलेले नाही. जसा आठवेल तसा लिहिते.

ते माझे घरमालक. तिरोड्याला कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या, आणि नोकरी संपली तरी सोडल्या नाहीत. पुढे गच्चीवरून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. खाली लांबलचक ओसरी होती. त्यांनी उभी नोकरी रेल्वेत काढली, त्यातली बरीच दरेकशाच्या स्टेशनावर. तिथे जंगल जास्त आणि थांबणाऱ्या गाड्या कमी. रेल्वेतले बाबू म्हणून सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणायचं, मी भाऊ म्हणायचे.

पहिल्याच दिवशी सामान वर चढवताना मी ओसरीवरचं दृश्य पाहिलं आणि मनात म्हटलं, आपण चुकीच्या घरी आलो. आठ-दहा बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता, कैची, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. बोटं इतक्या वेगाने चाललेली की नजर ठरेना. त्यांच्या मधोमध खुर्चीवर एक उंच, सडपातळ गृहस्थ बसलेले, आणि डोळे मिटून म्हणताहेत, "राजाची सवारी अप लायनीनं निघाली. पन घाटावरून लाइन क्लिअर नाही मिळाला."

एक म्हातारी मान वर न करता म्हणाली, "काऊन नाही मिळाला जी?"

"घाटावर धोबीन कपडे धुऊन राहिली होती."

"मंग बरोबर हाये. तिचे कपडे होऊ दे. राजाले काय घाई हाये?"

ही पारबताबाई. बाबूजींहून वयाने मोठी, म्हणून त्यांना "बाबू" आणि "तू" म्हणणारी ती एकटीच. बाकीच्या "तुमी" म्हणत आणि दर वाक्याला "जी" जोडत.

बिडी वळणाऱ्या बाईचे हात आणि डोळे कामात गुंतलेले असतात. कान तेवढे मोकळे. त्या कानांत बाबूजी रोज दुपारी एक राज्य ओतत असत. राज्याचं नाव रतनकसा. हो, बोदलकसा, दरेकसा, तसं रतनकसा. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, इंग्रजी शिकवणारी. इतक्या भव्य राज्याला शेजारच्या खेड्यासारखं नाव दिलेलं पाहून मलाच ओशाळल्यासारखं झालं. कॉलेजातल्या बाईंना मी "स्टेशनकडे राहते" एवढंच सांगायचे. घरी कोणाला बोलवायचे नाही. त्या ओसरीतून पाहुण्यांना वर न्यायचं कसं?

या राज्याचं मूळ म्हणजे दरेकशाच्या वेटिंग रूममध्ये कोणीतरी विसरून गेलेलं एक इंग्रजी पुस्तक. त्याला पुठ्ठा नव्हता आणि शेवटची पानं नव्हती. बाबूजींनी ते शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात समुद्रातलं एक बेट होतं, पुष्कळ राजे होते, आणि हे सगळं बुडणार असं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. पुढे एका हिवाळ्यात ते पुस्तक शेकोटीत गेलं. "थंडी लय होती, म्याडम," ते म्हणाले. पुस्तक जळल्यावर जे आठवत नव्हतं ते त्यांनी स्वतः भरलं. त्यामुळे रतनकसा हे त्या पुस्तकातलं बेट मुळीच राहिलं नव्हतं.

बाबूजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी बोदलकशाच्या तलावाचं. म्हणून रतनकशाच्या समुद्राला पाळ होती, उन्हाळ्यात तो आटायचा, आणि त्यात शिंगाडे लागायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "भाऊ, समुद्राचं पाणी खारट असतं. त्यात शिंगाडे होत नाहीत."

बायकांचे हात थांबले. बाबूजी शांतपणे म्हणाले, "तुमचा असन खारा. आमचा गोडा हाये."

"इंग्रजी समुद्र असन तो," पारबताबाई म्हणाली, आणि सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. मी जिना चढून वर गेले.

त्या राज्याला एक शाप होता. पहिला राजा होडीतून बेटावर आला तेव्हा पाण्याने त्याला जमीन दिली, धानाचं बी दिलं आणि एकच अट घातली. मी तुला रोज दिसलं पाहिजे. ज्या दिवशी रतनकशाचा राजा पाण्याकडे पाठ करून जेवायला बसेल, त्या दिवशी हे बेट माझ्या पोटात परत घेईन.

एवढंच. गर्व नाही, युद्ध नाही. जेवायला कुठल्या तोंडाने बसायचं, एवढ्यावर अख्खं राज्य टांगलेलं. आणि या एका अटीतून बाबूजींनी वर्षानुवर्षं दुपारी भागवल्या. एक राजा आंधळा निघाला, त्याला पाणी कुठल्या बाजूला ते कळेना. एका राजाचं सासर डोंगरापलीकडे, तिथून पाणीच दिसेना, म्हणून तो सासुरवाडीला उपाशी राहायचा आणि सासू रुसायची. एका राजाचा पाट त्याच्या भावाने मुद्दाम फिरवून ठेवला. त्या दिवशी ओसरीवर आरडाओरडा झाला होता. "फिरवा न जी त्याचा पाट! कोनी पाहून नाही राहिलं का?" शेवटी रतनकशाच्या घाटावरची धोबीण, मैना, राजाच्या ताटासमोर पाण्याने भरलेली घागर नेऊन ठेवते आणि राज्य वाचतं. मैना ही बायकांची लाडकी. राजे येत-जात, मैना टिकून होती. ती कधी म्हातारी होत नव्हती, हे कोणाला खटकत नव्हतं. मला खटकायचं.

दुपार संपली की सुपं उचलता उचलता पारबताबाई विचारायची, "आज नाही न बुडत, बाबू?"

बाबूजी गार्डच्या हिरव्या झेंडीसारखा हात वर करायचे. "आज नाही बुडत."

मग बायका घरी जायच्या. मला हे सगळं पोरकट वाटायचं. पण वर बसून पेपर तपासताना मी त्या एका वाक्याची वाट पाहू लागले होते, हेही खरं. ते ऐकल्यावरच मी चहाला आधण ठेवायचे.

बाबूजींच्या आणखी तऱ्हा होत्या. घड्याळ नेहमी पुढे ठेवायचे. "गाडी लेट चालन, मानूस नाही." भाजीवाल्याला "किती वजन बुक करून राहिला?" असं विचारायचे. बायकोशी, म्हणजे वहिनींशी, भांडण झालं की बोलायचे नाहीत, नुसता लाल रुमाल खुंटीला लावायचे. समेट झाला की वहिनी तो स्वतः काढून धुवायला टाकायच्या. पण एक स्वभाव त्यांचा वाईट होता. त्यांचं बोलणं चालू असताना दुसरीकडे पाहिलेलं त्यांना सहन होत नसे. नोकरीत एवढी वर्षं त्यांच्यासमोरून गाड्या न थांबता गेल्या, त्यामुळे असेल.

मग ओसरीवर मोबाइल आला. एका सुनेचा होता. ती तो सुपाच्या कडेला टेकवून मालिका लावू लागली. आधी आवाज बारीक असायचा. मग दोघी-तिघी तिकडे सरकल्या. पारबताबाई बाबूजींच्याच बाजूला होती, पण तिलाही अधूनमधून त्या मालिकेतल्या सुनेची चौकशी असायची. बाबूजी आवाज वाढवत गेले. फोनचाही वाढत गेला.

त्या दिवसांत मैना गरोदर होती. उन्हाळाभर बायका तिच्या बाळंतपणाची वाट पाहत होत्या. कोणी तिला डिंकाचे लाडू सांगे, कोणी घाटावर वाकून कपडे धुऊ नकोस म्हणे. कापडाच्या चिंध्यांची दुपटीसुद्धा ठरली होती. बाबूजी ते बाळंतपण लांबवत होते, आपलं हुकमाचं पान राखून ठेवल्यासारखं.

त्या दुपारी मी जिन्यात होते. बाबूजी राजाच्या जेवणाचं सांगत होते. फोनवर मालिकेतलं कोणाचं तरी लग्न मोडत होतं आणि सगळ्याच्या सगळ्या बायका त्यात माना घालून बसल्या होत्या. पारबताबाईसुद्धा. बाबूजी थांबले. कोणी "मंग?" म्हणेना. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग उठून उभे राहिले आणि स्टेशनावर गाडी पुकारावी तशा आवाजात म्हणाले,

"राजा जेवाले बसला. कोनी त्याच्याकडं पाहून नोतं राहिलं. तो पान्याकडं पाठ करून बसला. पहिला घास घेतला. बुडलं. राजा बुडला, वाडा बुडला, घाट बुडला, मैना बुडली. कोनी नाही वाचलं. खतम."

आणि आत गेले. फोनवर साबणाची जाहिरात लागली होती. ती सुनेने बंद केली. पारबताबाईच्या बोटांत अर्धी वळलेली बिडी होती. ती तिने पूर्ण केली, दोरा बांधला, सुपात ठेवली आणि उठली. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी खुशीत होते. मला म्हणाले, "आता येतील मागं मागं. बुडल्यावर किंमत समजते." दुपारी ओसरी रिकामी राहिली. ऊन कलल्यावर बायका आल्या. सगळ्या एकदम. सुपं नव्हती. सगळ्यांचे केस ओले होते. पुढे पारबताबाई, तिच्या हातात फडक्याने झाकलेलं पातेलं.

वहिनींनी दार उघडलं. पारबताबाईने पातेलं उंबऱ्याशी ठेवलं. आत भात आणि बिनफोडणीचं वरण. आमच्याकडे ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे असं जेवण नेऊन देतात.

वहिनी घाबरल्या. "कोन गेलं वो?"

"सगळेच गेले न, बाई."

बाबूजी आतून हसत हसत बाहेर आले. त्यांना वाटलं, बायका थट्टा करायला आल्या. मग त्यांनी ते ओले केस पाहिले. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. त्याचं काय करावं ते त्यांना समजेना. ते हसू मला अजून दिसतं.

पारबताबाई त्यांना म्हणाली, "तुले काही म्हनत नाही बाबू. तुह्या घरचे होते ते. आमी तं ऐकनाऱ्या. तुलेच जास्त लागलं असन. दोन घास खाऊन घे."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याने रागाच्या भरात एक राज्य बुडवलं त्याचं त्या सांत्वन करायला आल्या होत्या. बाबूजींनी खुर्चीची पाठ धरली. बायका थोडा वेळ ओसरीवर बसल्या, जशा मयताच्या घरी बसतात, आणि एकेक करून उठून गेल्या.

वहिनींनी त्यांना ताट वाढलं. मी तिथेच होते. ते पाटावर बसले, घास उचलला आणि थांबले. पाण्याचा रांजण त्यांच्या पाठीमागे होता. ते उठले, पाट फिरवला, रांजणाकडे तोंड करून बसले आणि जेवले. त्या दिवसापासून त्यांनी पाण्याकडे पाठ करून घास घेतला नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाण्याचं पिंप कुठे आहे ते आधी बघत. लोक हसत. मी शेजारी असले तर मान खाली घालायचे.

गोष्ट बाहेर फुटली. बिडीचा ठेकेदार माल मोजताना बायकांना म्हणाला, "काय वो, कोनत्या राजाचं सुतक धरलं तुमी? तुमाले पेन्शन देऊन राहिला होता का?" जावयांनी चिडवलं, पोरांनी चिडवलं. बायकांनाही मग लाज वाटू लागली की आपण खोट्या माणसांसाठी आंघोळी केल्या. त्या आपापल्या घरी बिड्या वळू लागल्या. बाजारात बाबूजी समोरून आले तर त्या भाजी निवडू लागत, आणि बाबूजी रस्ता ओलांडत. ते मागच्या दाराने जायचे-यायचे. ओसरीवरची खुर्ची त्यांनी आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला जिन्यातून ती खुर्ची दिसायची आणि मीही पाय न वाजवता वर जायचे. एका घरात बाबूजी आणि मी एकमेकांपासून तोंड लपवत राहत होतो.

शेवटी मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, सोपं आहे. मी अशी पुस्तकं वाचली आहेत. दरवेळी थोडे लोक होडीतून निसटतात. तसं सांगून टाका. मैना होडीत बसली म्हणा. बायका परत येतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले.

"म्याडम, सांगतलं ते झालं, हे मी बायाइले नेहमी म्हनत आलो. बायानं त्याइच्यासाठी डोक्यावरून पानी घेतलं. आता कोन्या तोंडानं म्हनू, का गंमत होती, मेली नाही ते? मंग त्याइचं रडनं खोटं होते न. मीनं मारलं ते मारलं. त्याइचं रडनं तरी खरं राहू द्या."

हे मला त्यांच्याकडून ऐकावं लागलं. मी इतकी वर्षं वर्गात शोकांतिका शिकवली होती.

पितृपंधरवडा आला. बाबूजी जिन्यात उभे राहून म्हणाले, "माझ्यासंगं चालाल का? पंडित माझं नाही ऐकनार. तुमी शिकलेल्या हा." त्यांना रतनकशाला पाणी द्यायचं होतं. तिथे कोणी उरलंच नाही, तर त्यांचे पितर पाहणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

सर्वपित्रीच्या सकाळी गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, गर्दी होती. काठाला माझ्या दोन विद्यार्थिनी आपल्या वडिलांबरोबर आल्या होत्या. त्यांनी "नमस्ते मॅम" म्हटलं आणि मी हातातली तिळाची वाटी पदराखाली घेतली. पंडितजींनी बाबूजींच्या वाडवडिलांचं उरकलं आणि विचारलं, "और कोई?"

"एक राज्य हाये," बाबूजी म्हणाले.

"गोत्र?"

"रतनकसा."

पंडितजींनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीतून विचार करून मराठीतून म्हणाले, "ज्यांच्या मागे कोणी उरलं नाही, अशी माणसं आहेत, पंडितजी."

"तो ऐसा बोलो ना. ज्यांचं कोनी नाही त्यांच्यासाठी एक ओंजळ असतेच. त्यात टाका सगळं राज्य. जल्दी करो, पीछे लाइन लगी है."

पण बाबूजींना एका ओंजळीत सगळं राज्य टाकायचं नव्हतं. ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि एकेका नावाने पाणी सोडू लागले. पहिला राजा. आंधळा राजा. सासुरवाडीला उपाशी राहणारा. मागचे लोक कुजबुजू लागले, मग हसू लागले. राजे संपले. बाबूजी कोरड्या आवाजात म्हणाले, "झालं."

"घाटावरचे राहिले न."

पारबताबाई काठावर उभी होती. मुलाबरोबर नवऱ्याचं पान टाकायला आली होती. त्या दिवसानंतर ती बाबूजींशी पहिल्यांदा बोलत होती, तेही त्यांच्याकडे न पाहता, पाण्याकडे पाहत. "राजेच लक्षात राहाते तुह्या. मासे धरनारा डोंगावाला ढिवर राहिला. वाड्यातली कांडप करनारी राहिली. तो बहिरा माळी."

बाबूजी ती सांगेल तसं पाणी सोडत गेले. लोकांचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. शेवटी बाबूजींनी स्वतःच ओंजळ भरली आणि म्हणाले, "मैना. अन् मैनाचं लेक..."

"थांब!"

पारबताबाई चपला पायात तशाच ठेवून पाण्यात उतरली. "लेकराचं नोको घेऊ. मैना बुडली म्हनलं तू. लेकराचं काही म्हनलंच नाही."

"तिच्या पोटात होतं न, पारबताबाई."

"तुले माहीत हाये? बाया वाट पाहून राहिल्या होत्या. आदल्या रातीच झाला असन त्याचा जनम. कोनी नेलं असन. तुनं सांगतलं का, बुडलं म्हनून? सांगतलं ते झालं, असं तुहंच बोलनं न? मंग नाही सांगतलं ते नाही झालं."

बाबूजींच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. ते तिच्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी नुसतं "मैना" म्हटलं आणि उरलेलं पाणी सोडलं.

पंडितजी म्हणाले, "हो गया ना? चलो, अगला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पारबताबाई सूप घेऊन ओसरीवर आली. मागून आणखी दोघी-तिघी आल्या. सुनेने फोन घरी ठेवला होता. वहिनींनी खुर्ची बाहेर आणून ठेवली. बाबूजी येऊन बसले. पारबताबाईने पहिला पत्ता कापला.

"सांग."

"काय सांगू?"

"लेकराचं. कुठं हाये ते?"

बाबूजींनी डोळे मिटले. "लाइन क्लिअर" म्हणायला ओठ हलले. मी जिन्यात उभी होते. कैच्यांचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाले, "नाही सांगत."

"काऊन?"

"माझ्या तोंडात नोको देऊ त्याले. मी एक डाव बुडवलं. माझा राग माझ्या हातात नाही. नाही सांगतलं तं जगन ते."

मला वाटलं, आता बायका उठतील. पारबताबाईने तंबाखू पसरला, बिडी वळली, तोंड दुमडलं, दोरा बांधला. म्हणाली, "मंग नोको सांगू. बस इथंच."

त्यानंतर बाबूजी रोज दुपारी ओसरीवर गप्प बसायचे. त्यांच्याभोवती बिड्या वळल्या जायच्या. कधी फोन चालू असे, कधी नसे. जो माणूस दोन घटका ऐकलं नाही म्हणून चिडायचा, तो वर्षानुवर्षं तोंड उघडत नव्हता. उठताना पारबताबाई मात्र न चुकता विचारायची, "आज नाही न बुडत, बाबू?" आणि ते हात वर करायचे. तोंडाने काही म्हणायचे नाहीत.

शेवटच्या आजारात त्यांचं एका बाजूचं अंग लुळं पडलं. मुलगा पुण्याहून येऊन गेला, डॉक्टरही पाहून गेले. वहिनी चमच्याने पेज भरवायच्या तर ते दात घट्ट मिटून घ्यायचे. वहिनी रडकुंडीला आल्या. मी फळांचा रस करून दिला, समजावून सांगितलं, थोडी रागावलेसुद्धा. काही उपयोग नाही. दुपारी पारबताबाई आत आली, दारातच थांबली आणि खोलीभर नजर फिरवली.

"त्याची खाट फिरवा न वो. रांजण मागं राहून गेला."

आम्ही तिघींनी मिळून खाट फिरवली. वहिनींनी चमचा पुढे केला. बाबूजींनी रांजणाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. रोज त्यांना भरवणाऱ्या आम्हा दोघींना हे सुचलं नव्हतं.

आता बाबूजींचं पाणी त्यांचा मुलगा देतो. रतनकशाचं माझ्याकडे आलं आहे. मला कोणी दिलं नाही. सर्वपित्रीला मी गच्चीवर तांब्या घेऊन जाते आणि कुंडीत एकेका नावाने पाणी सोडते. राजे आधी, मग पारबताबाईने सांगितलेले, शेवटी मैना. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी मुलगी बघत असते. मी तिला सांगते, झाडांना पाणी घालते आहे. अजून मला खरं सांगता येत नाही.

मुलांनो, पुढच्या फोनवर तुम्ही विचाराल की त्या बाळाचं काय झालं. मोठी असल्यामुळे मला माहीत असेल असं तुम्हाला वाटेल. संध्याकाळी, बायका निघून गेल्यावर, मला कधीकधी ते कुठे असेल ते दिसतंसुद्धा. पण ते मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही ते रचून माझ्याकडे पाठवू नका. तुम्ही दोघं पडद्याकडे तोंड करून जेवता, हे मला फोनवर दिसतं. टेबलावर पाण्याची बाटली असते ना? ती समोर ठेवा, एवढंच सांगते.

पारबताबाई आता काठी घेऊन येते. बिड्या वळत नाही, नुसती बसते. संध्याकाळी उठताना जिन्याकडे तोंड करून हाक मारते, "बाई वो, आज नाही न बुडत?"

मी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघते आणि हात वर करते.